शाळा निवडायचा हक्क द्यायचा तर बसच्या तिकिटासकट द्या



१५ मार्च. ही तारीख आधी मोबाईलमध्ये टाका, मग पुढचं वाचा.

स्कॉटलंडमध्ये ऑगस्टला सुरू होणाऱ्या शाळेसाठी, आपल्या पत्त्याला लागू असलेली कॅचमेंट शाळा सोडून दुसरी सरकारी शाळा हवी असेल, तर या तारखेपर्यंत कौन्सिलकडे अर्ज पोचला पाहिजे. त्याला प्लेसिंग रिक्वेस्ट म्हणतात. मला हे माहीत नव्हतं. त्यापायी आमच्या घराचं एक वर्ष वाया गेलं.

आम्ही २०२३ मध्ये ग्लासगोला आलो. मी केअर होममध्ये, नवरा गोदामात. मोठी मुलगी घराजवळच्या शाळेत रुळली, मैत्रिणी झाल्या, आमच्याशीसुद्धा ग्लासगोच्या हेलात बोलायला लागली. मग घरमालकानं घर विकायला काढलं आणि आम्ही क्लाइडच्या दक्षिणेला, परवडेल तिथं खोल्या घेतल्या. मुलगी जुन्याच शाळेत राहिली. धाकट्याचा पहिलीचा प्रवेश मात्र नव्या पत्त्यावर गेला. दोघांना एका शाळेत घालता येईल का, असं आम्हाला इथं आणणाऱ्या एजंटला विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्या व्हिसावर 'नो पब्लिक फंड्स' लिहिलंय. जे मिळालंय ते घ्या. मागायला गेलात तर व्हिसा जाईल." लेस्टरचे नातेवाईक म्हणाले, जानेवारीत फॉर्म भरायचा असतो, तो तर गेला. आम्ही गप्प बसलो.

खरं कळलं तेव्हा मे उजाडला होता. उशिरा अर्ज केला. तोवर पहिलीच्या वर्गात जागा नव्हती. इथं पहिलीच्या वर्गाला २५ मुलांची कायदेशीर मर्यादा आहे. नकाराचं पत्र आलं, त्यात अपिलाची मुदत लिहिलेली होती. पण सरकारी लिफाफा बघितला की आपल्या पोटात गोळा येतो. तो फ्रिजवर तसाच पडून राहिला आणि मुदत टळली.

मग काय झालं ते ऐका. दोन मुलं, दोन शाळा, दोन टोकांना, आणि घंटा दोन्हीकडे सकाळी ९ ला. माझे तास कमी केले तर पगार व्हिसाच्या अटीखाली जातो, म्हणजे स्पॉन्सरशिप धोक्यात. म्हणून नवऱ्यानं सकाळची पाळी सोडली. वर्षभर एका पगारावर घर चाललं, गावाकडे पैसे गेले नाहीत, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढं ढकललं. पुढच्या वर्षी आम्ही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकला आणि धाकट्याला दुसरीत जागा मिळाली. फॉर्मला एक पैसा लागला नाही. व्हिसाला काही झालं नाही.

एजंटचं म्हणणं साफ खोटं होतं. व्हिसाच्या नियमांत 'पब्लिक फंड्स' म्हणजे ठरावीक सरकारी भत्ते आणि घरासाठीची मदत. सरकारी शाळेतलं शिक्षण त्यात येत नाही. प्लेसिंग रिक्वेस्ट करणं म्हणजे भीक मागणं नव्हे. तो कायद्यानं दिलेला हक्क आहे, आणि तो पासपोर्ट बघून दिलेला नाही.

हा हक्क आला १९८१ च्या शिक्षण कायद्यानं. तेव्हा सरकार मार्गारेट थॅचरचं होतं. त्या बाईंनी कामगारांचं भलं केलं असं या शहरात म्हणून बघा, उत्तर मिळेल. पण कायदा वाचला तर त्याचा गाभा आपल्या कामाचा आहे. आईबापांनी शाळा मागितली की कौन्सिलनं ती द्यायची, नाही द्यायची तर कायद्यात लिहिलेलं कारण दाखवायचं. जास्तीचा शिक्षक नेमावा लागेल, इमारतीवर मोठा खर्च येईल, अशी ती कारणं आहेत. "तुम्ही बाहेरचे" हे कारण त्यात नाही. "तुमचं इंग्रजी कच्चं" हेही नाही. वेळेत केलेल्या अर्जाला ३० एप्रिलपर्यंत उत्तर द्यावं लागतं. नकार आला तर २८ दिवसांत अपील समितीकडे जाता येतं, तिथंही हरलात तर शेरिफकडे, म्हणजे न्यायाधीशाकडे.

कागदावर झकास. आता माझं भांडण सरकारशी आहे.

सरकार म्हणतं, निवड तुमची. पण निवड केलेल्या शाळेपर्यंत मूल पोचवायचं कुणी? कॅचमेंट शाळा लांब असेल तर कौन्सिल वाहनाची सोय करतं. तुम्ही निवडलेल्या शाळेसाठी तसं बंधन कौन्सिलवर नाही. जानेवारी २०२२ पासून २२ वर्षांखालच्यांना बस फुकट झाली, चांगलं झालं. पण सहा वर्षांचं पोर एकटं बसमध्ये बसत नाही. त्याच्याबरोबर आई जाते, आणि आईचं तिकीट लागतं. जाताना, येताना, दुपारी परत जाताना, येताना. आठवड्याचे पाच दिवस. मोटार असलेल्याला ही निवड आहे. आपल्याला ते भाडं आहे.

अपील समितीची सुनावणी कामाच्या दिवशी असते. ऑफिसातला माणूस अर्धा दिवस रजा टाकतो. आपण रजा टाकली तर पाळी जाते, कधी मॅनेजरची मर्जीही जाते. पत्र इंग्रजीत, नियम इंग्रजीत. दुभाषा मागता येतो, पण मागता येतो हे सांगणारं पत्रही इंग्रजीतच. आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला तर हा फॉर्मही लागत नाही. तो चांगल्या शाळेच्या हद्दीत घरच विकत घेतो. त्याची निवड १९८१ च्या आधीही होती, आजही आहे. ज्याच्यासाठी हा कायदा खरोखर कामाचा आहे, त्याच्याच हातात तो पोचत नाही.

यावर आपल्यातलेच काही म्हणतात, "आपण पाहुणे आहोत. दिली ती शाळा गोड मानून घ्यावी." त्यांना मी या शहराचा इतिहास सांगते. क्लाइडकाठच्या गोद्या आणि इथले रेल्वेमार्ग उभे करायला आयर्लंडहून मजूर आले. त्यांनाही उपरे म्हणून हिणवलं गेलं. त्यांच्या कॅथलिक शाळा कितीतरी वर्षं गरिबांच्या वर्गणीवर चालल्या. शेवटी १९१८ च्या शिक्षण कायद्यानं त्या शाळांचा खर्च सरकारनं उचलला, आणि शाळांचं धार्मिक रूपही राखलं. आज ग्लासगोत त्या शाळा सरकारी खर्चानं चालतात आणि त्यांत सगळ्या धर्मांची मुलं शिकतात. गेलिक भाषेचंही तसंच. आईबापांनी रेटा लावला, १९८५ मध्ये ग्लासगोत प्राथमिक शाळेत गेलिक माध्यमाचा वर्ग निघाला, आणि २००६ पासून शहरात शिशुवर्गापासून शेवटच्या इयत्तेपर्यंत पूर्ण गेलिक शाळा आहे. पाहुणे म्हणून गप्प बसले असते तर यातलं काय मिळालं असतं?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो कामगार चळवळीतलेच लोक घेतात. निवड दिली की हुशार, सवड असलेले आईबाप गरीब वस्तीची शाळा सोडून जातात, पट घटतो, शाळा आणखी खंगते, आणि ज्याला कुठं जाता येत नाही त्याचं पोर मागं राहतं. हे होतं. डोळे झाकून चालणार नाही. चिलीत त्याच १९८१ साली सरकारनं मुलामागे पैसे खाजगी शाळांना द्यायला सुरुवात केली. नफा कमवणाऱ्या शाळा फोफावल्या, गरीब-श्रीमंतांची मुलं वेगळी पडली, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि शेवटी २०१५ च्या कायद्यानं सरकारी पैशावर नफा कमवायला बंदी करावी लागली. तसली निवड मला नको.

पण यावर उपाय आईबापांना बांधून ठेवणं हा नाही. कुणी हौसेनं दोन बस बदलून शाळेला जात नाही. घराजवळची शाळा धड असती तर माणूस लांब कशाला गेला असता? म्हणून मागणी एकच, पण तिचे दोन भाग आहेत: जवळची सरकारी शाळा चांगली करा, आणि तरीही कुणाला दुसरी सरकारी शाळा हवी असेल तर तिथं जायचं बळ द्या. पहिला भाग टाळून नुसता दुसरा दिला तर तो बाजार होतो. दुसरा टाळून नुसता पहिला दिला तर तुमचा पत्ताच तुमच्या पोराचं नशीब ठरवतो.

आता त्या बहिणींबद्दल, ज्यांची मुलं इथं नाहीतच. ११ मार्च २०२४ पासून नव्यानं आलेल्या केअर कामगाराला कुटुंब आणता येत नाही. माझ्याच पाळीत अशी एक आई आहे. मुलगा गावी आजीपाशी, आणि ती इथं दुसऱ्याच्या आजीला घास भरवते. तिच्या मुलाची शाळा महाराष्ट्र सरकारच्या हातात आहे. तिथं काय चाललंय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांना दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. म्हणजे गरिबाच्या पोरानं हद्द ओलांडायची नाही. मुंबई उच्च न्यायालयानं १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. आईबाप कोर्टात गेले म्हणून हे झालं. आणि जी जवळची जिल्हा परिषदेची शाळा दाखवून सरकार हक्क काढून घेत होतं, त्याच शाळांपैकी २० पेक्षा कमी पट असलेल्या 'समूह शाळे'त मिसळायचा घाटही याच सरकारनं घातला होता. इकडं म्हणायचं जवळची शाळा आहे ना, आणि तिकडं जवळचीच बंद करायची. हे कसलं धोरण?

जोतिबा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं हेच मांडलं होतं: सरकारची तिजोरी भरते कष्टकरी रयतेच्या पैशातून, आणि शिक्षणाचा लाभ जातो वरच्यांना. आज आपण दोन सरकारांना पैसा देतो. इथं पगारातून कर कापला जातो, व्हिसाची फी भरतो, तिकडं पाठवलेल्या पैशातून गाव चालतं. मग शाळेच्या दारात मान खाली का?

इथल्या सरकारकडे आणि कौन्सिलांकडे आपण हे मागू या. कमी उत्पन्नाच्या घरातल्या लहान मुलाला शाळेत सोडणाऱ्या पालकाला बसभाडं द्या. प्लेसिंग रिक्वेस्टची माहिती आपल्या भाषांत, घर भाड्यानं घेतानाच हातात द्या. अपिलाच्या सुनावण्या संध्याकाळीही ठेवा. सुनावणीला गेलेल्या कामगाराची पाळी कापायला मालकाला बंदी करा. हा शेवटचा मुद्दा तुमच्या युनियनच्या पुढच्या मीटिंगला मांडा.

आणि तोवर आपल्या हातात आहे ते करा. कॅचमेंट शाळेत नाव नोंदवून ठेवाच, नाहीतर दोन्हीकडून जाल. एका वेळी एकाच शाळेची मागणी करा. दोन नावं दिली तर कायदा पहिलीच धरतो. भावंडं त्या शाळेत असतील, पाळीच्या वेळा आड येत असतील, तर तसं स्पष्ट लिहा. अर्जाची प्रत जपून ठेवा. १५ मार्च चुकली तरी अर्ज करा. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर तो नकार धरला जातो आणि त्यावरही अपील करता येतं. पत्र आलं की त्याच दिवशी उघडा. वाचता येत नसेल तर शेजाऱ्याकडे न्या, आमच्याकडे आणा.

आमच्या फ्रिजवरचा तो लिफाफा मी अजून फेकलेला नाही. नवीन कुणी घरी आलं की दाखवते.