परत पहिलं वर्ष?

गेल्या रविवारी वसईला घरी गेलो होतो. सकाळी पिशवी घेऊन होळी बाजारात मासळी घ्यायला निघालो, तर मावसभावाने रस्त्यातच गाठलं.

"दादा, एक सीरियस विचारायचंय."

पोरगं वीस वर्षांचं. बारावीनंतर फूड प्रॉडक्शनचा दीड वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स केला आणि आता एका हॉटेलच्या किचनमध्ये कॉमी आहे. म्हणजे कांदे सोलणाऱ्यांच्या एक पायरी वर आणि शेफच्या पाच पायऱ्या खाली. म्हणाला, "हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री करायची म्हणतोय. पण परत पहिल्या वर्षाला बसायचं म्हणजे..."

पुढचं त्याने सांगायची गरजच नव्हती. हाच प्रश्न मी 2014 साली पप्पांना विचारला होता.

तेव्हा मी बावीस वर्षांचा. असाच सर्टिफिकेट कोर्स, मग हॉटेलात दोन वर्षं. पगार बेताचा, पण दर महिन्याला यायचा. एक दिवस सुपरवायझरची जागा निघाली. शेफ म्हणाले, "तूच भर फॉर्म." फॉर्ममध्ये एक रकाना होता : पदवी. डाळीला फोडणी कोणाच्या हातची ते अख्ख्या किचनला ठाऊक होतं, पण त्यासाठी फॉर्मात जागा नव्हती. ती पोस्ट बाहेरून आलेल्या एका पदवीधराला मिळाली. पहिल्या आठवड्यात त्याला स्टोअर कुठे आहे तेही मीच दाखवलं. चरफडलो, दुसरं काय करणार!

मग हिंमत केली आणि राजीनामा दिला. त्याच वर्षी 1 ऑगस्टला आमचा भाग ठाणे जिल्ह्यातून निघून नव्या पालघर जिल्ह्यात गेला. पप्पा म्हणाले, "जिल्ह्याचीही ट्रान्स्फर झाली आणि तुझीही." फरक एवढाच, की जिल्ह्याला कोणी पहिलीपासून सुरुवात करायला सांगितलं नाही. मला सांगितलं. कॉलेजच्या खिडकीवर मी सर्टिफिकेट पुढे केलं. क्लार्कने ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "छान आहे. लॅमिनेट करून घ्या."

पहिलं प्रॅक्टिकल काय असावं? भाजी चिरणं! आजूबाजूला अठरा वर्षांची पोरं बोटं कापून घेतायत आणि मी आपला सराईतासारखा सुरी चालवतोय. ब्रुनॉयज म्हणजे साधारण 3 मिलिमीटरचे चौकोनी तुकडे, माझे झाले पाच मिनिटांत. कॉलर ताठ! मॅडम आल्या, बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हात छान आहे. आता सांग, या प्लेटमागे कांद्याचे पैसे किती पडले?"

बोलती बंद.

बॉस, त्या एका प्रश्नाने माझा तोरा उतरवला. मला पदार्थ येत होता, त्याचा हिशेब येत नव्हता. मग क्लासमध्ये यील्ड शिकलो. फंडा सोपा आहे. समजा, सुरमई 800 रुपये किलोने घेतली. डोकं, काटा, शेपूट काढून हातात 600 ग्रॅम मांस उरलं. मग त्या मांसाचा खरा भाव 800 नाही, जवळपास 1,333 रुपये किलो. मेन्यूतली किंमत 800 धरून ठरवलीत तर प्रत्येक प्लेटमागे खिशातले पैसे घालताय.

हे मी घरी जेवताना सांगितलं. आमच्या पप्पांचं छोटं केटरिंग होतं. साखरपुडे, बारशी, लग्नं. वीस वर्षं ते बाजारभावानेच प्लेटचा दर काढत आले होते. सीझन जोरात जायचा आणि मे संपला की घरात पैसे का उरत नाहीत हे कोणालाच कळायचं नाही. पप्पांनी घास तसाच हातात धरला. म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?" मी काय बोलणार? मलाच आधी कुठे माहीत होतं!

आता मी ऑफिसात बसून कंपन्यांच्या कॅन्टीनचे फूड कॉस्ट बघतो. पण डिग्री केली की सगळं झक्कास, असं मी म्हणणार नाही. तीन वर्षं पगार नाही, शनिवार-रविवार पप्पांच्या कामावर, मित्रांनी बाइक घेतल्या तेव्हा मी नोट्सच्या झेरॉक्स काढत होतो. आणि पास झाल्यावर पुन्हा ट्रेनीच.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करून पुढची दोन विद्यापीठात करता येतात, पण तिथेही सगळे क्रेडिट पुढे चालतातच असं नाही. आपल्याकडेही आता चित्र थोडं बदललंय. 2021 साली अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आले, 2023 साली राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. साधारण 30 तासांचं शिकणं म्हणजे एक क्रेडिट, वर्षाचे 40. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. पण ते नोंदणी असलेल्या संस्थेनेच जमा करावे लागतात आणि नव्या कोर्सला त्यातले किती चालतील हे तिथलं विद्यापीठ ठरवतं.

म्हणून भावाला तीनच गोष्टी सांगितल्या. एक, तुझ्या कोर्सचे क्रेडिट खात्यात आहेत का ते आधी बघ. दोन, त्यातले किती धरणार हे कॉलेजकडून लेखी घे, तोंडी नको. तीन, हे दोन्ही होईपर्यंत राजीनामा देऊ नकोस. केंद्राच्या संस्थांसाठी एनसीएचएम जेईई द्यायची असेल तर बारावीला इंग्रजी विषय हवा, तो त्याचा होता.

"आणि काहीच धरलं नाही तर?" त्याने विचारलं.

समोर मावशी सुरमई कापत होत्या. मी भाव विचारला आणि त्याच्याकडे वळलो. "साफ करून किती उरेल? म्हणजे किलोला खरे किती पडले?"

त्याने माशाकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ गप्प. मग मोबाइल काढला.

मला वाटलं कॅल्क्युलेटर उघडतोय. तो फॉर्मची शेवटची तारीख शोधत होता.