एक बैल थांबला तर?

बालमित्रांनो, घाईत दिलेलं उत्तर चुकतं, हे मी तुम्हाला नेहमी सांगते. परवा माझंच चुकलं.

आमच्या निमोण्याच्या शाळेत चौथीच्या वर्गात भिंतीवर वाहनांची चित्रं लावली आहेत. त्यांत एक विमान आहे, दोन बाजूंना दोन मोठे पंखे असलेलं. एका मुलीने विचारलं, "बाई, ह्यातला एक पंखा बंद पडला तर?" मी वह्या तपासत होते. मान वर न करताच म्हणाले, "दुसरा असतो ना! म्हणून तर दोन दिलेत." वर्ग खूश, मीही खूश. मुलगी मात्र तशीच उभी. "पण बाई, मग इमान सरळ कसं जाईल?"

घरी जाऊन पुस्तकं चाळली, तेव्हा कळलं की वैमानिकाच्या शिक्षणातला सगळ्यात अवघड धडा तिच्या ह्या प्रश्नातच आहे.

आधी ते विमान कसलं, ते बघू. त्याला टर्बोप्रॉप म्हणतात. जेट विमानासारखंच ह्याच्याही पोटात टर्बाइन असतं, म्हणजे तापलेल्या वायूच्या जोराने गरगरणारं चक्र. फरक इतकाच, की त्या चक्राची ताकद दातेरी चाकांमधून पुढच्या पंख्याला दिली जाते. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे घेतं, तर एटीआर-७२ ह्या विमानाचा पंखा मिनिटाला साधारण १,२०० फेरेच घेतो. जवळच्या प्रवासाला अशी विमानं इंधन कमी खातात आणि त्यांना फार लांब धावपट्टी लागत नाही. म्हणून लहान गावांच्या विमानतळांवर ती जास्त दिसतात.

आता मूळ प्रश्न. शनिवारी पालकसभा होती. त्या मुलीचे वडील आले. म्हणाले, "बाई, पोरगी चार दिस झालं इमानाचंच बोलतीया. काय खूळ घातलं तिच्या डोक्यात?" त्यांच्या दावणीला बैलजोडी आहे, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, "दादा, गाडी चालू असताना डावा बैल थांबला आणि उजवा ओढतच राहिला, तर काय होतं?" ते हसले. "काय व्हतंय? गाडी डाव्या अंगाला वळती. वळवायचीच आसंल तर आमी मुद्दाम त्या अंगाचा बैल आवरून धरतो."

बघा हं, विमानाचंही अगदी तसंच होतं! डावं इंजिन बंद पडलं, की उजवं एकटं ओढत राहतं आणि विमानाचं नाक डावीकडे वळायला लागतं. नुसतं वळत नाही, डावा पंख खालीही झुकायला लागतो. तेव्हा दोन इंजिनं म्हणजे दुप्पट सुरक्षित, हे माझं उत्तर अर्धंच खरं होतं. एकट्या इंजिनावर विमान चढू शकतं, पण ते सरळ ठेवणारा वैमानिक तयार असला तरच.

हे शिकवतात कसं? वैमानिकाच्या पायांशी दोन पट्ट्या असतात. त्यांनी शेपटीचं उभं सुकाणू हलतं. नाक डावीकडे वळलं, तर उजवा पाय जोरात दाबायचा. आता गंमत बघा. उजवा पाय जोर लावतोय, डावा रिकामा आहे. म्हणून शिकाऊ मुलांना घोकून घेतात : रिकामा पाय, बंद इंजिन. घाबरलेल्या माणसाला डावं-उजवं पटकन कळत नाही. (आमच्या कवायतीत तर न घाबरताही कळत नाही!) अशा वेळी पायच उत्तर सांगतो.

एवढ्यावर भागत नाही. बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरवला जातो आणि विमानाला मागे खेचतो. चालू असलेल्या टेबलफॅनसमोर पुठ्ठ्याचा तुकडा आधी आडवा धरा, वारा त्याला ढकलेल. मग त्याची कड वाऱ्याकडे करा, ढकलणं जवळजवळ थांबेल. (जाळी असलेलाच पंखा घ्या, आणि एस.टी.च्या खिडकीबाहेर हात काढून हा प्रयोग कुणी करायचा नाही!) विमानाच्या पंख्याची पातीही अशीच वळवून त्यांची कड वाऱ्याकडे करता येते. ह्याला 'फेदर' करणं म्हणतात. पुष्कळ टर्बोप्रॉप विमानांत हे आपोआप होण्याचीही सोय असते.

मग राहिलं काय? तर बिघडलेलं इंजिन पूर्ण बंद करणं. ऐकायला सोपं. पण तैवानमधली एक घटना सांगते. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेई शहरातून एक एटीआर-७२ उडालं. आत ५८ माणसं होती. उड्डाणानंतर थोड्याच वेळात उजव्या पंख्याची पाती आपोआप फेदर झाली, म्हणजे उजवीकडचा जोर गेला. आणि वैमानिकाने बंद केलं डावं, चांगलं चालणारं इंजिन! चूक लक्षात आली तोवर वेळ उरला नव्हता. विमान नदीत कोसळलं आणि ४३ माणसं गेली. शिकलेल्या, परवानाधारक माणसाचा हात चुकीच्या दांड्यावर गेला होता.

म्हणून ह्या शिक्षणात सर्वांत जास्त वेळ जातो तो न घाबरण्यावर आणि घाई न करण्यावर. आधी विमान सरळ धरायचं. मग काटे बघायचे. एकाने सांगायचं, "डावं इंजिन", दुसऱ्याने स्वतः बघून खात्री द्यायची, आणि मगच दांडा ओढायचा. हा सराव खऱ्या विमानासारख्या हुबेहूब खोलीत होतो. तिला सिम्युलेटर म्हणतात. आत बसलेल्याला धावपट्टी दिसते, धक्के बसतात. नेमकं जमीन सोडताना शिक्षक एक इंजिन 'बंद पाडतो', कुठलं ते सांगत नाही. असं पुन्हा पुन्हा. आणि परवाना मिळाला म्हणून सुटका नाही, नोकरीत असेपर्यंत ठरावीक काळाने ही परीक्षा द्यावीच लागते.

अशी विमानं चालवणाऱ्यांत मराठी नाव आहे का, असं वर्गात विचारलं गेलंच. आहे तर! १९८५ साली इंडियन एअरलाइन्सचं फॉकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून आसामातल्या सिलचरला गेलं. रोल्स-रॉइसची दोन टर्बोप्रॉप इंजिनं असलेलं. कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख आणि शेजारच्या खुर्चीत निवेदिता भसीन. सगळ्या स्त्रियांनीच नेलेलं त्या कंपनीचं ते पहिलं उड्डाण. हे सांगितलं तेव्हा वर्गातली मुलं एकदम गप्प झाली आणि मुलींचे आवाज चढले.

पालकसभेतल्या त्या दादांना मी सगळी वाट सांगितली, ती तुमच्या घरच्यांसाठी इथेही लिहिते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. सोळाव्या वर्षी शिकाऊ परवाना काढता येतो, अठराव्या वर्षी व्यावसायिक. त्यासाठी २०० तास उड्डाण करावं लागतं, त्यातले १०० तास विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःवर घेऊन. हवामान, दिशाशोधन, नियम, यंत्र ह्यांचे लेखी पेपर असतात आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण लागतात. ३५ वर पास होण्याची सवय इथे चालत नाही! रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. तिथलं बोलणं इंग्रजीतून, पण ते कथा-कादंबऱ्यांचं इंग्रजी नव्हे. ठरलेली छोटी वाक्यं स्पष्ट बोलायची असतात. सुरुवात एका इंजिनाच्या छोट्या विमानावर, मग छोटं दोन इंजिनी विमान, आणि शेवटी एटीआरसारख्या ठरावीक विमानाचं खास प्रशिक्षण. कॅप्टन व्हायचं तर १,५०० तासांचा अनुभव आणि आणखी वरचा परवाना लागतो.

दादांनी खर्च विचारला. खोटं कशाला सांगू? खासगी संस्थेत शिकायचं तर चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. ऐकून ते खाली बघायला लागले. आपल्या भागात एवढ्यात शेत येतं आणि वर घरही होतं. पण दुसरीही एक वाट आहे. पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. बारावीनंतर परीक्षा आणि मुलाखत. २०२२ पासून तिथे मुलीही शिकत आहेत. शिक्षणाचा खर्च सरकारचा. निवड फार थोड्यांची होते, हेही मी सांगितलं. पण हवाई दलाकडे एएन-३२ आणि डॉर्नियर अशी दोन इंजिनांची टर्बोप्रॉप विमानं आहेत आणि ती चालवायलाही माणसं लागतातच.

"आणि डोळं?" त्यांनी मधेच विचारलं. "पोरीला आत्ताच चष्मा हाय."

नागरी वैमानिकाला चष्मा चालतो, चष्म्यासह नीट दिसलं पाहिजे. रंग मात्र ओळखता आले पाहिजेत. हवाई दलात वैमानिकासाठी नजरेचे नियम जास्त कडक असतात. तेव्हा खर्च करण्याआधी, क्लास लावण्याआधी, डोळे तपासून घ्यावेत, असं मी म्हटलं.

ते उठले, टोपी सारखी केली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "बाई, ही रंगाची तपासणी शिरूरला व्हती, का पुण्याला न्यावं लागंल?"