वालधुनीचं देणं

मे महिन्यात बदलापूरच्या बंधाऱ्यावर उल्हास नदी वाहताना दिसते, तेव्हा त्यातलं बरंच पाणी कोकणातलं नसतं. ते मावळातलं असतं. आंध्रा नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे हे पाणी बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ठोकरवाडीला धरण बांधून ते अडवलं, घाटाखाली उतरवलं आणि १९२२ साली भिवपुरीचं वीजकेंद्र सुरू झालं. जनित्रं फिरवून झाली की ते पाणी पेज नदीतून उल्हासला येतं. कोकणातल्या बहुतेक नद्या शिमग्यानंतर आटू लागतात; उल्हास बारा महिने वाहते ती या पाण्यावर. आपल्या इथल्या शहरांच्या वाढीमागे शंभर वर्षांपूर्वीचं हे वळण आहे.

खोरं मात्र त्याहून फार जुनं. वर राजमाचीच्या पायथ्याला कोंढाणे लेणी, खाली खाडीकाठी कल्याण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याण बंदराचं नाव आहे. पुढे आगगाडीही बोरघाट गाठायला याच खोऱ्यातून गेली. कर्जत लोकलमध्ये रोज उभ्यानं प्रवास करणारे आपण त्याच जुन्या वाटेवरून जातो.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथं नव्या शहराची कोनशिला बसली. शहराला नाव मिळालं ते नदीचं, उल्हासनगर. सिंधू नदी मागे टाकून आलेली ही माणसं झुलेलालची, म्हणजे जलदेवतेची भक्त. चेटीचंडला बहराणा साहेब वाजतगाजत निघतो आणि त्याचं विसर्जन वाहत्या पाण्यात करायचं असतं. ज्यांच्या धर्मातच नदी आहे, त्यांच्या छावण्यांमधून जाणाऱ्या पाण्याकडे आज बघवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ते पाणी वालधुनीचं. मलंगगडाच्या बाजूच्या डोंगरांत ती उगम पावते. काकोळ्याला रेल्वेनं तिच्यावर बांधलेलं जीआयपी धरण आहे; वाफेच्या इंजिनांना त्याचं पाणी जायचं. तिथून खाली अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि कल्याणची खाडी. एवढीशी नदी, पण शिलाहारांनी आपलं सर्वांत देखणं शिवमंदिर हिच्याच काठी उभारलं. छित्तराजानं काम सुरू केलं आणि मुम्मुणीच्या काळात ते पुरं झालं. शिलालेखातलं शक ९८२ म्हणजे इ.स. १०६०. भूमिज शैलीचं एवढं जुनं मंदिर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. सभामंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं, आणि बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती नीट पाहायच्या तर सकाळ पुरत नाही. ज्या कारागिरांनी काळ्या दगडात इतका जीव ओतला, त्यांनी प्यायलेलं पाणी याच नदीचं असणार.

त्याच नदीत आपण काय सोडतो? घरांचं मैलापाणी, कारखान्यांची रसायनं, जीन्स धुण्याचा निळा रंग. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात तिच्यात टँकरमधून घातक रसायन ओतलं गेलं आणि श्वास कोंडलेल्या शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावं लागलं. ‘वनशक्ती’ संस्थेनं हरित लवादाकडे दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शिवाय तिच्या पात्रात भराव टाकून इमारती उठल्या. मग २६ जुलै २००५ सारखा पाऊस आला की नदी आपली जागा मागायला घरात शिरते. उल्हासचंही तेच. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. तेव्हा गावकरी आधी धावले, हे विसरता येत नाही.

उल्हास प्यायचं पाणी देते म्हणून तिच्यावरच्या जलपर्णीची बातमी तरी होते. वालधुनीकडून काही घ्यायचं उरलेलं नाही, म्हणून तिला वाली नाही. हा हिशेब मला मान्य नाही.

येत्या महाशिवरात्रीला अंबरनाथला दर्शन झालं की नदीच्या काठावरही या. आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आमच्या वॉर्डाचं सांडपाणी कोणत्या केंद्रात शुद्ध होतं आणि ते केंद्र रोज चालतं का? पत्ता सांगेपर्यंत त्याला सोडू नका.