जुना संगणक आणि घरचा ठेवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीसाठी सुरक्षेच्या नव्या सुधारणा विनामूल्य पुरवण्याचे सर्वसाधारण धोरण थांबवले. तिच्या जागी आलेल्या ‘विंडोज ११’ने संगणकात ठराविक सुरक्षा-चिप आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर असलाच पाहिजे, अशी अट घातली. परिणामी २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक या एका निर्णयाने कालबाह्य ठरले. वास्तविक त्यांपैकी अनेक यंत्रे आदल्या दिवशी जशी चालत होती तशीच दुसऱ्या दिवशीही चालत होती. वस्तूचे आयुष्य विकणाऱ्याने ठरवायचे की वापरणाऱ्याने, हा प्रश्न त्यामुळे मध्यमवर्गीय घरांच्या माळ्यावर येऊन बसला आहे, आणि त्याचे उत्तर भंगारवाल्यावर सोपवण्यापूर्वी थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

अशा यंत्राचा एक उत्तम उपयोग आहे, आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. त्यावर लिनक्सवर आधारलेली ‘डेबियन’सारखी मुक्त प्रणाली बसवावी, एक मोठी हार्ड डिस्क जोडावी आणि ‘जेलिफिन’ ही मुक्त आज्ञावली चालू करावी. मग घरातील चित्रफिती, गाणी, छायाचित्रे त्या एका ठिकाणी राहतात आणि घरच्या वायफायवरून दूरचित्रवाणी संचावर किंवा मोबाइलवर पाहता-ऐकता येतात. घरातल्या घरात पाहण्यासाठी इंटरनेटही लागत नाही. साठवलेली फीत समोरच्या संचाला समजणाऱ्या स्वरूपात असेल, तर संगणकाला ती केवळ पुढे पाठवायची असते आणि हे काम दहा वर्षांचे यंत्रही सहज करते. स्वरूप बदलून द्यावे लागले तरच त्याची दमछाक होते. म्हणून २००३ साली प्रमाणित झालेल्या आणि आज जवळजवळ प्रत्येक उपकरणाला कळणाऱ्या ‘एच.२६४’ या स्वरूपात फिती ठेवणे शहाणपणाचे. एक टेराबाइटच्या डिस्कवर ४.७ गिगाबाइटच्या सुमारे दोनशे डीव्हीडी मावतात. सामान्य कुटुंबाला एवढी जागा पुष्कळ झाली.

ही साधने फुकट मिळतात हे त्यांचे दुय्यम वैशिष्ट्य होय. त्यांच्यामागे एक विचार आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, तो आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्यास देण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे असावा यासाठी. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. आपल्याकडे घरोघरी परिचित असलेला ‘व्हीएलसी’ हा प्लेअर पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांच्या १९९६ च्या प्रकल्पातून आला आणि आवारातील जाळ्यावरून चित्रफिती दाखवणे हाच त्या प्रकल्पाचा हेतू होता. जेलिफिनचा जन्म तर अधिकच बोलका आहे. २०१८ च्या अखेरीस ‘एम्बी’ या आज्ञावलीच्या चालकांनी तिचा पुढचा स्रोत बंद केला. तेव्हा स्वयंसेवकांनी आधीचा खुला स्रोत घेऊन नवी शाखा उभी केली. खुल्या परवान्यामुळे दिलेले परत घेता येत नाही, याचा हा प्रत्यक्ष दाखला आहे.

याउलट, मासिक वर्गणीवर चालणाऱ्या सेवांची रीत पाहावी. आज दिसणारा चित्रपट करार संपताच उद्या नाहीसा होतो. २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेली जॉर्ज ऑर्वेल यांची पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतली. विक्रेत्याला हक्क नव्हते हे कारण खरे होते, पैसेही परत दिले गेले आणि कंपनीने क्षमाही मागितली. तथापि घरात शिरण्याची किल्ली दुकानदाराकडे असते, हे त्या घटनेने दाखवून दिले. जेथे केवळ परवाना दिला जातो तेथे ‘खरेदी’ हा शब्द वापरताना तसे स्पष्ट सांगण्याचे बंधन घालणारा कायदा कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, तो उगाच नव्हे.

आपल्या घरांतील ठेवा कोणता, हेही ध्यानात घ्यावे. आजोबांच्या आवाजातील ओव्यांची ध्वनिफीत, लग्नाची व्हीएचएस कॅसेट, शाळेच्या स्नेहसंमेलनाची सीडी या गोष्टी कोणत्याही कंपनीच्या यादीत नाहीत आणि कधी येणारही नाहीत. चुंबकीय फीत झिजते, दमट हवेत तिला बुरशी धरते, आणि ती वाजवणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत. ‘आलम आरा’ हा १९३१ चा आपला पहिला बोलपट आज उपलब्ध नाही. जेथे देशाच्या पहिल्या बोलपटाची ही गत झाली, तेथे एका कुटुंबाच्या कॅसेटची कोण पर्वा करणार? ती कुटुंबानेच करावयाची आहे. तासाभराची ध्वनिफीत संगणकात उतरवण्यास तासच लागतो. मात्र ते काम एकदाच करावे लागते.

यावरील आक्षेप रास्त आहेत. शंभर वॅट घेणारा जुना संगणक अहोरात्र चालू ठेवल्यास महिन्याला सुमारे ७२ युनिट वीज जाते. तोच रोज चार तास चालवला तर १२ युनिट पुरतात, आणि लॅपटॉप असेल तर त्याहूनही कमी. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असल्यास ती आधी काढून टाकावी. सर्व ठेवा एकाच डिस्कवर ठेवणे हा निष्काळजीपणा ठरेल. दुसरी प्रत वेगळ्या जागी हवीच. अनुभव येईपर्यंत हे यंत्र बाहेरच्या इंटरनेटसाठी खुले करू नये. आणि चोरीचे चित्रपट साठवण्यास मुक्त आज्ञावलीने कोणतीही मुभा दिलेली नाही. दुसऱ्याच्या परवान्याचा मान राखणाऱ्यांनीच ही चळवळ उभारली आहे.

शिक्षकांना येथे विशेष संधी आहे. जेथे इंटरनेट भरवशाचे नाही अशा शाळेत एक जुना संगणक आणि एक राउटर यांवर स्वतः चित्रित केलेले प्रयोग व पाठ वर्गावर्गांत दाखवता येतील. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकण्यात आली आहे. ते योग्यच आहे. परंतु चालणारे यंत्र मोडून धातू काढण्यापेक्षा ते चालवणे केव्हाही श्रेयस्कर. सरकारी कचेऱ्या आणि महाविद्यालये यांनी निर्लेखित केलेले संगणक भंगारात काढण्यापूर्वी, त्यांतील माहिती पूर्णपणे पुसून, शाळांना देण्याची पद्धत सुरू केली पाहिजे. घरातील जाणत्या विद्यार्थ्यांनी एखादी सुटी या कामी घालवली, तर वडीलधाऱ्यांचा आवाज नातवंडांपर्यंत पोचेल.