घरकुले आणि अब्रू

सत्तेवरील पुढाऱ्याला अब्रू असते आणि झोपडीतल्या माणसाला नसते, असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. तरीही बदनामीची नोटीस वाहते ती वरून खाली. ज्याच्या पदरी वकिलांची फौज आहे तो ती धाडतो. ज्याने पत्रक काढले, चौकसभेत एक प्रश्न विचारला, त्याच्या दारी ती येऊन पडते.

जळगावचे घरकुल प्रकरण या दृष्टीने तपासावे. गरिबांसाठी नगरपालिकेने ११ हजारांवर घरकुलांची योजना आखली. पुरी झाली ती सुमारे दीड हजार. ठेकेदार कंपनीला मात्र २९ कोटींची बिनव्याजी उचल मिळाली. फेब्रुवारी २००६ मध्ये खुद्द महापालिका आयुक्तांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह ४८ जणांना दोषी ठरवले. (त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले झाली, हेही नमूद केले पाहिजे.) फिर्यादीपासून या निकालापर्यंत साडेतेरा वर्षे गेली, आणि तीही पोलीस, दप्तर, सरकारी वकील असे सारे राज्ययंत्र हाताशी असताना.

आता कल्पना करावी की, २००६ साली एखादा कार्यकर्ता म्हणाला, “गरिबांच्या घरांचे पैसे खाल्ले गेले,” आणि त्याच्यावर दिवाणी दावा गुदरला गेला. सत्य हा दिवाणी कायद्यातील परिपूर्ण बचाव आहे, असे वकील सांगतील. खरेच आहे. परंतु ते सत्य शाबीत करण्याचे ओझे प्रतिवादीच्या शिरावर, आणि कागद नगरपालिकेच्या कपाटात! जे राज्ययंत्राला साडेतेरा वर्षांत साधले, ते या फाटक्या माणसाने पदरमोड करून साधायचे. फौजदारी कायदा तर याहून कठोर. तेथे सत्य पुरत नाही, लोकहितही दाखवावे लागते. १९९८ साली मंत्री बबनराव घोलप यांच्या फिर्यादीवरून अण्णा हजारे यांना तीन महिन्यांची कैद झाली, ती याच कायद्याखाली.

खोट्या आरोपाला मोकळे रान द्यावे, असा याचा अर्थ नव्हे. खोटी आवई काय करते, हे धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भटक्यांना ठेचून मारले. त्यांच्या अब्रूचे काय? बदनामीचा दावा माणसाबरोबरच मरतो. वारसांना तो चालवता येत नाही. भिक्षेकरी जिवंत राहिला असता, तरी त्याने मागितलेल्या भरपाईच्या प्रमाणात कोर्ट फी कोठून आणली असती? वर्षाच्या मुदतीत वकील कोणता गाठला असता? उलट, एका वृत्तवाहिनीने चुकीचे छायाचित्र काही सेकंद दाखवले म्हणून न्या. पी. बी. सावंत यांना पुण्याच्या न्यायालयाने २०११ मध्ये १०० कोटींची भरपाई ठरवून दिली. त्यांच्यावर अन्याय झाला होता, यात वाद नाही. वाद आहे तो अब्रूच्या या दरपत्रकाशी.

१९९४ साली राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अधिकारपदावरील कृत्यांबद्दल केलेले विधान सत्याची बेपर्वाई करून केले होते असे दाखवल्याखेरीज अधिकाऱ्याला भरपाई मागता येणार नाही. हे तत्त्व निकालपत्रातच राहिले. कोणत्याही विधिमंडळाला त्याचा कायदा करावासा वाटला नाही. करावासा वाटेल कसा? नोटिसा धाडणारेच तेथे बसतात. १८६० सालचे दंडविधान गेले, २०२४ मध्ये न्याय संहिता आली. पण बदनामीबद्दलची दोन वर्षांची कैद कलम ३५६ म्हणून जशीच्या तशी बसली.

समाजवाद्यांनी मागणी करायची ती ही: कैदेची तरतूद रद्द व्हावी, सार्वजनिक पैशाविषयीच्या विधानाबाबत ते खोटे असल्याचे वादीने शाबीत करावे, गरिबाच्या दाव्याला कोर्ट फी माफ असावी, आणि पुढाऱ्याने दावा लावताच संबंधित कचेरीचे दप्तर पहिल्याच तारखेला न्यायालयापुढे यावे.