हा दरवाजा बांधला कोणी?

हल्ली मोबाईलवर रोज सकाळी ज्ञानाची एक पुडी येऊन पडते. मुंगीचे बळ, केळ्याचे गुण, संतांचे किस्से आणि मधूनच एखादे 'बायबलमधील रहस्य'. त्यांतील निरुपद्रवी गमतींशी आमचे वैर नाही. एका गमतीविरुद्ध मात्र आम्ही लेखणी उचलीत आहोत. कारण ती घराघरांत, धर्मशिक्षणाच्या वर्गांत, क्वचित प्रवचनांतही सुखाने नांदते आहे.

ती अशी : जेरुसलेमच्या तटाला म्हणे 'सुईचे नाक' नावाचा एक बुटका दरवाजा होता. रात्री मुख्य वेस बंद झाली की उंटाला तेथून आत घेत. ओझे उतरवायचे, गुडघे टेकवायचे, की उंट आत! तात्पर्य, धनवंतानेही थोडे वाकावे म्हणजे स्वर्ग मिळतो.

वाचकहो, हा दरवाजा बांधला कोणी? प्रभू येशूच्या काळातील कोणत्याही लेखनात त्याचा पत्ता नाही, उत्खननात तो सापडलेला नाही. ही कथा मध्ययुगीन भाष्यांची. तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्विनस यांनी शुभवर्तमानांवरील जुनी भाष्ये संकलित केली, त्यांत ती आढळते. त्याच्याही आधी, पाचव्या शतकात, अलेक्झांड्रियाच्या संत सिरिल यांनी येथे उंट नव्हे, जाड दोर अभिप्रेत आहे असे सुचविले होते. ग्रीक भाषेत 'कामेलॉस' म्हणजे उंट आणि 'कामिलॉस' म्हणजे दोर. कोणी सुईचे नाक मोठे केले, कोणी उंट बारीक केला! भाष्यकारांचा हेतू शुद्धच असेल. परिणाम मात्र श्रीमंतांच्या सोयीचा झाला.

मार्ककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडून पाहावा. ते वचन ऐकून शिष्य थक्क होतात आणि मग तारण तरी कोणाचे होणार, असे विचारतात. रोजच्या पाहण्यातील दरवाजा असता तर थक्क होण्याचे कारण काय? प्रभूही त्यांना वाकण्याची युक्ती सांगत नाही. माणसाला हे अशक्य, देवाला सर्व शक्य, असे सांगतो. बाबिलोनच्या तालमूदमध्येही अशक्य गोष्टीसाठी सुईच्या नाकातून जाणारा हत्ती येतो. हत्तीसाठी दरवाजा शोधायला अद्याप कोणी निघालेले नाही!

खरे म्हणजे तो विनोद आहे. चिलट गाळून उंट गिळणारे शास्त्री आणि स्वतःच्या डोळ्यातील मुसळ विसरून शेजाऱ्याचे कुसळ काढणारा सज्जन हेही त्याच मुखातले. अमेरिकन लेखक एल्टन ट्रूब्लड यांचा लहान मुलगा हा कुसळ-मुसळाचा उतारा ऐकताना खुदकन हसला. त्या हसण्यातून त्यांना प्रभूच्या विनोदावर ग्रंथ लिहिण्याची प्रेरणा मिळाली. तो 1964 साली प्रसिद्ध झाला. लेकराला जे उमगले ते आम्हां मोठ्यांना उमगू नये?

प्रभूच्या तोंडी विनोद म्हणजे पावित्र्यभंग, असे काहींना वाटेल. त्यांनी पोप फ्रान्सिस यांचे 2018 सालचे पवित्रतेवरील प्रबोधनपत्र वाचावे. आनंद आणि विनोदबुद्धी यांना त्यांनी पवित्र जीवनाचीच लक्षणे मानले आहे. 14 जून 2024 रोजी तर त्यांनी शंभराहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावून घेतले होते.

विनोद बोथट केला की त्यातील टोचणीही जाते. जमिनीला सोन्याचा भाव आला, वाड्या विकल्या गेल्या, लग्नाचे मांडव दिव्यांनी लखलखले, आणि त्याच रस्त्यावरील एखाद्या घरात औषधाला पैसे नाहीत. अशा वेळी तो बुटका दरवाजा फार उपयोगी पडतो. ओझे घटकाभर उतरवावे, गुडघे टेकावेत आणि पलीकडे जाऊन ते पुन्हा पाठीवर घ्यावे! त्या धनिक तरुणाला प्रभूने सर्वस्व विकून गोरगरिबांना देण्यास सांगितले होते, हे मग आठवतच नाही. आणि जे माणसाला अशक्य ते देव करतो, हे सांत्वनही आम्ही गमावतो.

म्हणून आमची विनंती एवढीच. हा संदेश पुन्हा आला तर तो पुढे पाठवू नये. त्या संध्याकाळी रोझरीनंतर मार्कचा दहावा अध्याय घरात मोठ्याने वाचावा. मुले हसली तर हसू द्यावीत. नंतर आपल्या पाठीवर कसले ओझे आहे, याचा विचार मोठ्यांनी करावा.