गुंतवणूक बँकिंगची वाट : महाविद्यालयाच्या नावाआधी अकरावीचे गणित

नवी दिल्ली : गुंतवणूक बँकिंगमध्ये कारकीर्द करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची पहिली पसंती दिल्ली विद्यापीठाच्या मोजक्या महाविद्यालयांना असते. महाराष्ट्रातूनही असे अनेक विद्यार्थी राजधानीची वाट धरतात. मात्र प्रवेशाचे नियम, नोकरभरतीची पद्धत आणि या व्यवसायाचे भौगोलिक केंद्र पाहता, त्यांचे निम्मे भवितव्य बारावीच्या निकालाआधी, अकरावीचा अर्ज भरतानाच ठरून जाते.

कंपन्यांसाठी भांडवल उभारणे, प्राथमिक समभाग विक्रीचे व्यवस्थापन आणि विलीनीकरण व संपादनाच्या व्यवहारांत सल्ला देणे ही गुंतवणूक बँकेची मुख्य कामे. भारतात समभाग विक्रीचे व्यवस्थापन करणाऱ्या संस्थांना ‘सेबी’च्या 1992 च्या नियमावलीनुसार मर्चंट बँकर म्हणून नोंदणी करावी लागते. अशा संस्थेत पदवीधर तरुण ‘अ‍ॅनालिस्ट’ म्हणून रुजू होतो. ताळेबंदांची छाननी, कंपनीचे मूल्यांकन आणि सादरीकरणे तयार करण्यात त्याची सुरुवातीची वर्षे जातात. या जागा थोड्या असतात आणि भरतीसाठी बँका निवडक संस्थांमध्येच जातात. त्यामुळे महाविद्यालयाच्या नावाला या क्षेत्रात इतरांपेक्षा अधिक किंमत आली आहे.

दिल्लीतील अशा नावांत श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स अग्रभागी आहे. 1926 मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयासोबत सेंट स्टीफन्स, हिंदू आणि लेडी श्रीराम या महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या पदवीलाही मान आहे. रोहिणीतील शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीजमध्ये व्यवस्थापन आणि वित्तीय गुंतवणूक विश्लेषण यांचे स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आहेत. आयआयटी दिल्लीच्या अभियंत्यांनाही वित्तसंस्था सामावून घेतात.

या महाविद्यालयांत पूर्वी बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळे. 2021 मध्ये श्रीराम कॉलेजसह काही ठिकाणी पहिली प्रवेश यादी थेट 100 टक्क्यांवर गेली होती. 2022 पासून ‘सीयूईटी’ ही सामाईक परीक्षा लागू झाली. बारावीचे गुण आता पात्रतेपुरते उरले आहेत. परीक्षा मराठीसह 13 भाषांत देता येते, हा राज्यातील विद्यार्थ्यांसाठी दिलासा आहे. तथापि, विषयनिहाय प्रश्नांचा आधार ‘एनसीईआरटी’चा अभ्यासक्रम असतो, त्यामुळे राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना दुहेरी तयारी करावी लागते.

खरी अडचण विषयांची आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स आणि व्यवस्थापन पदवीच्या प्रवेशासाठी गणिताची परीक्षा अनिवार्य आहे. वाणिज्य ऑनर्ससाठी गणित किंवा लेखाशास्त्र यांपैकी एक चालते. महाराष्ट्रात वाणिज्य शाखेला गणित हा ऐच्छिक विषय असल्याने अनेक विद्यार्थी त्याऐवजी ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ निवडतात. अकरावीत सोपी वाटलेली ही निवड दोन वर्षांनी दिल्लीतील निम्मे दरवाजे बंद करते आणि तेव्हा चूक सुधारण्यास वेळ उरलेला नसतो.

खर्चाचा हिशेबही काळजीपूर्वक मांडावा लागतो. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांचे वार्षिक शुल्क हजारांच्या घरात असते. पण वसतिगृहांतील जागा अपुऱ्या असल्याने कमला नगर, विजय नगर अशा भागांतील भाड्याच्या खोल्यांचा खर्च शुल्कापेक्षा जड जातो. याउलट सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारख्या राजधानी क्षेत्रातील खासगी संस्थांत निवासासह वर्षाचा खर्च दहा लाख रुपयांच्या पुढे जातो. शिष्यवृत्ती नसेल, तर शैक्षणिक कर्जाचा हप्ता पहिल्या नोकरीच्या पगारातून फिटेल काय, हा प्रश्न कुटुंबाने आधीच विचारायला हवा.

त्याचे उत्तर वर्तमानपत्रांत झळकणाऱ्या सर्वोच्च ‘पॅकेज’मध्ये मिळत नाही. दहा विद्यार्थ्यांपैकी एकाला 40 लाख आणि नऊ जणांना प्रत्येकी 8 लाख रुपये मिळाले, असे समजू. सरासरी 11 लाख 20 हजार दिसेल. मध्यक मात्र 8 लाखच राहील. सामान्य विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ती ही दुसरी रक्कम. केंद्राच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीसाठी संस्था मध्यक वेतन, नोकरी मिळालेल्यांची आणि उच्च शिक्षणाकडे वळलेल्यांची संख्या सादर करतात. ही माहिती सर्वांना उपलब्ध असते. क्रमवारीतील स्थानावर मात्र विसंबता येत नाही. 2024 आणि 2025 मध्ये हिंदू महाविद्यालय प्रथम आले, पण त्या मोजमापात संशोधन, अध्यापन आणि समावेशकता यांचाही वाटा असतो. वित्तक्षेत्रातील नोकऱ्यांचा तो निर्देशांक नव्हे.

नोकरीचे स्वरूप हा आणखी एक कळीचा मुद्दा. गुरुग्राम आणि नोएडात आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था व संशोधन कंपन्यांची मोठी कार्यालये आहेत. तेथील बरेच काम परदेशातील चमूंना आकडेवारी व अहवाल पुरवण्याचे असते. हे काम कौशल्याचे आहे. पण ग्राहकाशी वाटाघाटी आणि व्यवहाराची जबाबदारी हा त्याचा भाग क्वचितच असतो. नियुक्तीपत्रावरील पदनाम सारखे असले, तरी पुढची वाट वेगळी होऊ शकते.

झोमॅटो, पॉलिसीबझार, डिलिव्हरी या गुरुग्रामच्या कंपन्या गेल्या काही वर्षांत शेअर बाजारात उतरल्या. तेथेच कॉर्पोरेट कार्यालय असलेल्या ह्युंदाई मोटर इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये सुमारे 27,870 कोटी रुपयांची, देशातील तोवरची सर्वांत मोठी प्राथमिक समभाग विक्री केली. म्हणजे ग्राहक राजधानीत वाढत आहेत. तरी दोन्ही प्रमुख शेअर बाजार, ‘सेबी’चे मुख्यालय आणि बहुतेक गुंतवणूक बँकांचे निर्णयकेंद्र मुंबईतच आहे. दिल्लीत शिकलेल्या विद्यार्थ्यालाही अखेरीस बहुधा वांद्रे-कुर्ला संकुल गाठावे लागते. मुंबईतील विद्यार्थ्याला मात्र शिकता शिकताच तेथे इंटर्नशिप करण्याची सोय असते. कोटक महिंद्र बँकेचे संस्थापक उदय कोटक हे मुंबईच्याच सिडनहॅम महाविद्यालयाचे आणि जमनालाल बजाज संस्थेचे विद्यार्थी.

पदवीच्या टप्प्यावर संधी हुकली, तरी वाट संपत नाही. सनदी लेखापाल होण्यासाठी नामांकित महाविद्यालयाची गरज नसते. लातूर वा नागपुरात राहूनही हा अभ्यास करता येतो आणि बँका अशा उमेदवारांची भरती करतात. ‘कॅट’मार्गे आयआयएम किंवा दिल्लीतील फॅकल्टी ऑफ मॅनेजमेंट स्टडीज हा दुसरा मार्ग. तेथून घेतलेल्या उमेदवारांना अनेकदा अ‍ॅनालिस्टच्या वरच्या ‘असोसिएट’ पदावर नेमले जाते.

दिल्लीतील आघाडीच्या चार-पाच महाविद्यालयांत योग्य अभ्यासक्रम मिळत असेल, तर घर सोडण्याचा खर्च सार्थ ठरू शकतो. केवळ ‘दिल्ली विद्यापीठ’ या नावासाठी कोणताही विषय आणि कोणतेही महाविद्यालय स्वीकारण्यापेक्षा, मुंबई-पुण्यातील चांगली पदवी आणि सोबत सनदी लेखापालाचा अभ्यास हा मार्ग अनेक कुटुंबांना अधिक परवडणारा आणि भरवशाचा आहे. कोणताही मार्ग निवडला, तरी अकरावीत गणित सोडू नये.